गांजाचं एक झाड

धम्मचक्र दिन होऊन गेला की भिलाईत आमच्या सेक्टर सहामधली हवा बदलते. पावसाळाभर क्वार्टरच्या भिंतींना धरून बसलेली ओल सुटायला लागते. पहिल्या पाळीला सायकलवर निघालेल्या माणसांच्या शर्टाचं वरचं बटण लागलेलं दिसतं. धुऊन काढणारा पाऊस थांबलेला असतो, म्हणून पोलाद कारखान्याकडून येणारी तांबूस धूळ पुन्हा मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, पानांवर बसू लागते. आणि या दिवसांत मला एक वास येतो. ओल्या गवताचा, लिंबाच्या सालीचा, आणि त्या दोन्हींच्या खाली काहीतरी उग्र, चिकट, बोटांना लागून राहणारं. खरं तर तो वास आता आमच्या घरात कुठेच नाही. असायचं कारणही नाही.

यंदा मात्र तो खराच आला. मागच्या गल्लीतल्या नाल्याची सफाई चालू होती. उपटलेल्या तणाचा ढीग रस्त्याच्या कडेला पडला होता. त्यात हाताच्या बोटांसारखी फाकलेली, करवतीच्या कडांची पानं असलेलं एक रोप होतं. आपोआप उगवलेलं. मी दूध घेऊन परत येत होतो. थांबलो. सफाईवाली बाई म्हणाली, "काय देखथस बबा? कचरा हे." मी मान हलवली आणि घरी आलो. पण दिवसभर हाताला काही काम सुचलं नाही.

आमच्या मागच्या अंगणात एकदा तसं झाड होतं. ते मी लावलं असं म्हणायला मला अजून संकोच वाटतो. बी मी पेरलं, हे खरं. वाढवलं प्रभाने, माझ्या बायकोने, खाटेवर पडल्या पडल्या. आणि प्रभा कोण होती, तर जिने आयुष्यात नशेच्या कुठल्याही वस्तूला हात लावला नाही आणि जमेल तिथे दुसऱ्यांच्या हातूनही ती सोडवली, अशी बाई.

आम्ही दोघं भंडारा जिल्ह्यातले. लग्न करून भिलाईला आलो तेव्हा मी रोलिंग मिलमध्ये नवा होतो. सगळी नोकरी तिथेच काढली. तापलेल्या लोखंडाचा रंग बघून ते किती तापलंय हे मी सांगू शकायचो. पण पालकाचं रोप कुठलं आणि चवळीचं कुठलं हे मला निवृत्तीपर्यंत कळलं नाही. माती हा प्रभाचा प्रांत. क्वार्टरच्या मागे एवढीशी जागा, तिच्यात तिने मुनगा, पपई, दोडका, वाल आणि इथे आल्यावर शिकलेली लाल भाजी असं सगळं सामावून घेतलं होतं. मी फक्त पाइप धरायचो, तोही चुकीच्या बाजूला.

तिचा दुसरा प्रांत म्हणजे विहारातल्या बाया. दर रविवारी वंदना झाली की त्या सतरंजीवर बसून राहायच्या आणि कुणाच्या घरी काय चाललंय ते बोलायच्या. त्या बोलण्यातून एक काम उभं राहिलं. नवऱ्याला, पोराला दारूतून काढायचं. प्रभा आणि कमलाबाई या त्यातल्या पुढच्या दोघी. कमलाबाई प्रभापेक्षा मोठ्या. त्यांचा नवरा रेल्वेत होता, तो लवकर गेला. एकुलता मुलगा आधी गांजात आणि मग दारूत गेला. त्याला जाळून आल्यावर तिसऱ्या दिवशी त्या जामुलच्या बाजूच्या वस्तीत दारू-भांगेच्या दुकानासमोर जाऊन बसल्या. एकट्याच. कुणीतरी येऊन सांगितलं तेव्हा प्रभा चुलीवरचं उतरवून चालत निघाली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मग बाकीच्या बायाही तिथे येऊन बसू लागल्या, आणि त्या दोघींचं जमलं ते कायमचं.

प्रभाचं दुखणं पोटातून सुरू झालं. रायपूरला दाखवलं, तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला. औषधाच्या बाटल्या शिरेतून चढवायला लागले. वेदनेवर गोळ्या होत्या आणि त्या लागूही पडायच्या. पण अन्न जाईना. फोडणीचा वास आला की तिला मळमळून यायचं. मी घरात फोडणी देणं बंद केलं. मग शेजारच्या साहूजींच्या घरातली फोडणी आमच्याकडे यायची. एकदा साहूबाईंनी तिला ओकताना ऐकलं आणि त्या दिवसापासून स्वयंपाक करताना त्या आपली खिडकी लावून घ्यायला लागल्या. ऐन उन्हाळ्यात. भाताची पेज दोन चमचे गेली की आमच्या घरी तो चांगला दिवस असायचा.

तिवारी माझ्या पाळीतला जुना माणूस, जामुलला घर बांधून राहिलेला. तो बघायला आला. प्रभाजवळ बसला, बाहेर आला, चप्पल घालता घालता हळूच म्हणाला, "मेरे बड़े भाई को भी यही था. कुछ नहीं खाते थे. फिर भांग की पत्ती देने लगे थोड़ी-थोड़ी. ठीक नहीं हुए, वो तो होना नहीं था. लेकिन खाना खाके गए."

खाना खाके गए. हे तीन शब्द माझ्या डोक्यातून निघेनात.

मी प्रभाला तसंच सांगितलं. तिच्यापासून लपवून काही करायची आमच्यात रीत नव्हती. म्हटलं, "सरकारी दुकान आहे भांगेचं. आनू का?"

ती छताकडे बघायला लागली. मग म्हणाली, "ज्या दुकानापुढं बायाइले घेऊन बसली, तिथून माह्यासाठी पुडी आनसान तुमी?"

"औषध म्हनून."

"माह्या तोंडानं पाचवं शील म्हनते मी. दर रविवारी. नशा करनार नाई म्हनून. ते काय तब्येत चांगली असेपर्यंतच होतं?"

 जरा वेळाने मीच म्हटलं, "मग दुकानातून नाई आनत. घरी लावलं तर? आपल्या मातीत?"

तिला हसू आलं. "तुमी? तुमाले तुळस तरी जगवता आली का कधी?" मग हसू विरलं. "लावाचं असन तर लावा. झाडच आहे ते, त्याचा काय दोष. पन मी खानार नाई."

भांग काय नि गांजा काय, झाड एकच, आणि ते घरात लावणं कायद्याने गुन्हा आहे हे मला माहीत होतं. मुलगी पुण्याला नोकरीत. तिला फोनवर सांगितलं तर ती थेट हिंदीवर आली, "पप्पा, आप पागल हो गए हो क्या? पुलिस आ गई तो मम्मी को कौन देखेगा?" तिचं चूक नव्हतं. पोलिसांची गाडी गल्लीतून गेली तरी मी त्या मोसमात हातातलं काम थांबवून तिचा आवाज दूर जाईपर्यंत ऐकत बसायचो. आयुष्यात कधी गेटपासशिवाय एक स्क्रूसुद्धा कारखान्याबाहेर न आणलेला मी माणूस. पण रोज सकाळी प्रभाच्या मनगटावरची बांगडी थोडी आणखी वर सरकलेली दिसायची, आणि ती भीती पोलिसांच्या भीतीपेक्षा मोठी होती.

तिवारीने होळीच्या ठंडाईतून उरलेलं थोडं बी कागदात बांधून दिलं. आषाढ लागला होता. मी मुनग्याच्या आडोशाला एका फुटक्या बादलीत माती भरली, बी टाकलं, आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. काही उगवलं नाही. माती उकरली तर बी कुजून मऊ झालेलं.

प्रभाची खाट आम्ही मागच्या दाराशी ओढली होती, वारा लागावा म्हणून. ती तिथून सगळं बघत होती. एवढे दिवस बोलली नव्हती. त्या दिवशी राहवलं नाही तिला.

"लोखंड थंडं करता तसं पानी टाकून राहिले तुमी. बी आहे ते. त्याले श्वास नाई लागत का?"

"मग कसं करू?"

"ती माती फेका. चिखल झाला तिचा. मुनग्याखालची घ्या, पालापाचोळा कुजलेली. थोडी रेती मिसळा. बादलीले खाली भोकं पाडा आधी." एवढं बोलून तिला धाप लागली. डोळे मिटले. मला वाटलं झोपली. तर मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "अन् पानी ओंजळीनं. पाइपानं नाई."

दुसऱ्या वेळी दोन अंकुर आले. मी तिला धरून दारापर्यंत आणलं. दोन गोल पानं आणि त्यांच्या मधून निघू बघणारं करवतीचं पान. तिने निरखून पाहिलं आणि कुणाच्या बाळाला बघून म्हणावं तसं म्हणाली, "नाजूक आहे. जोराचा पाऊस झेलनार नाई."

तसंच झालं. श्रावणात एकदा चार दिवस झड लागली. गल्लीत पाणी भरलं, कारखान्याचा सायरन पाण्यातून आल्यासारखा ऐकू यायचा. मी जुनं पोतं बांबूवर ताणून आडोसा केला, पण वाऱ्याने ते फिरलं आणि एक रोप मुळातून लोळलं. मी ते पुन्हा उभं करून मातीने दाबलं, काडीला बांधलं. प्रभा म्हणाली, "गेलं ते. मुळं हवेत निघाली की मंग नाई." मी तरीही दोन दिवस त्याला पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी तिने मला बोलावून फक्त हातावर हात ठेवला. मग मी ते काढलं.

उरलं एक. ते मात्र पेटल्यासारखं वाढलं. भाद्रपदात माझ्या छातीला लागलं. नवशिक्याला झाड वाढताना दिसत नाही, वाढलेलं दिसतं. सकाळी दार उघडलं की कालच्यापेक्षा काहीतरी जास्त असायचं. मला त्याचं कौतुक वाटायला लागलं होतं. मिलमध्ये आम्ही जे काही केलं ते आग लावून, दाबून, ओढून केलं. इथे नुसतं थांबायचं होतं, आणि थांबणं मला येत नव्हतं. मी सारखा त्याच्याशी काहीतरी करायला जायचो. कधी खत, कधी छाटणी. प्रभा खाटेवरून थांबवायची. "राहू द्या. त्याचं त्याले करू द्या."

पानांवर हिरव्या अळ्या पडल्या. मी फवारणीचं बोललो. तिने मान हलवली. "मारू नका. उचला अन् नाल्याकडं सोडून या." पहिलं शील जीव न मारण्याचं. म्हणून रोज सकाळी मी, निवृत्त फोरमन, स्टीलच्या वाटीत अळ्या घेऊन नाल्याच्या काठाने चाललोय, असं दृश्य त्या गल्लीत काही दिवस होतं. परत आलो की ती विचारायची, "सोडल्या का नीट?" सगळ्या दिवसात तेवढा एक प्रश्न तिच्या जुन्या आवाजात यायचा.

एकदा मी तिला उचलून खुर्चीवर बसवत होतो. ती झाडाकडे बघत म्हणाली, "माह्यं वजन ह्या झाडाले चालून राहिलं वाटते." मी तिच्या पाठीशी उशी लावली. तीच म्हणाली, "जाऊ द्या. कुठी तरी तर जाऊन राहिलं."

झाड भिंतीवरून डोकावायला लागलं तेव्हा मी घाबरलो. साहूजींचा मुलगा पोलिसात हवालदार. साहूजी स्वतः माणूस सरळ, भजन-मंडळीतले, पण कमी बोलणारे. एका सकाळी ते भिंतीपाशी आले. मी अळ्या वेचत होतो. त्यांनी झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग दारातल्या खाटेकडे बघून विचारलं, "भाभी, ये कौन सा पौधा है?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. अंबाडी म्हणायचं. पानं तशीच दिसतात. पण मी तोंड उघडायच्या आत प्रभा बोलली.

"गांजे का है, भैया."

साहूजींनी भिंतीवरचा हात काढून घेतला.

"ये मेरी बीमारी के लिए लगाए हैं. मैं खाती नहीं. पर लगाए हैं." तिने श्वास घेतला. "आपको किसी को बताना हो तो बताइए. मैं आपसे झूठ नहीं बोलूंगी."

साहूजी मान खाली घालून आत गेले. तो दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. प्रभावर पहिल्यांदा चिडलो. "काय गरज होती खरं सांगाची?" ती म्हणाली, "खोटं बोलाचं नाई, तेही शीलच आहे. एक वाचवाले दुसरं मोडू का?"

दुपारी भिंतीपलीकडून ठोकाठोक ऐकू आली. मी स्टुलावर चढून पाहिलं. साहूजी बांबू रोवत होते आणि त्यांच्या गोठ्यावरचे जुने पत्रे आमच्या भिंतीला लागून उभे करत होते. उन्हाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मला बघून म्हणाले, "धूल बहुत आथे एती ले." इकडून धूळ फार येते म्हणे, आणि पुन्हा खिळा ठोकायला लागले. पत्रे झाडापेक्षा हातभर उंच होते.

आश्विनात झाडाला तुरे आले आणि तो वास सुरू झाला. मला प्रश्न पडला की हे नर का मादी, कारण तिवारी म्हणाला होता की नराचा उपयोग नाही. मी प्रभाला विचारलं. ती म्हणाली, "एक डहाळी आना जवळ." डोळ्यांजवळ धरून बघितली. "पपईसारखंच आहे हे. नराले लोंबते फुलं असतात. हे पहा, दोन पांढरे धागे. मादी आहे." डहाळी तिने लगेच परत नाही दिली. थोडा वेळ उशीजवळ ठेवली. 

त्याच्या पुढच्या आठवड्यात तिचं खाणं पूर्ण थांबलं. पेजही नाही, पाणीही जेमतेम. रायपूरहून आणलेल्या उलटीच्या गोळ्याच उलटून पडायच्या. एका दुपारी, ऊन अंगणात उतरलेलं, तिने मला हाक मारली. मी जवळ गेलो.

"मले भूक लागाव वाटते हो," ती म्हणाली. "बाकी काई नाई. नुसती भूक. पोटभर जेवाव नाई म्हनत मी. पन भूक कशी असते ते विसरून राहिली मी." मग दाराबाहेर बघत म्हणाली, "द्या मले ते."

मी पानं तोडली.  तिवारीने सांगितलं होतं तसं केलं, अगदी थोडं, दुधात. तिने वाटी दोन्ही हातांत धरली आणि पिण्याआधी डोळे मिटून काहीतरी म्हणाली. काय ते मी विचारलं नाही. प्यायली. मग आम्ही वाट बघत बसलो, जसं स्टेशनवर गाडीची वाट बघतात तसं. दोघंही अवघडून, एकमेकांकडे न बघता.

संध्याकाळी साहूबाईंची खिडकी लावायची राहिली असावी. लसणाच्या फोडणीचा वास आला. मी घाईने तिच्याकडे ओकारीचं भांडं सरकवलं. तिने ते हाताने बाजूला केलं. म्हणाली, "वरन करून राहिली ती. वरन अन् भात करा नं थोडा."

मी भात केला. वरणाला, इतक्या महिन्यांनी, फोडणी दिली. तिने चार घास खाल्ले. पाचवा घेतला आणि चावता चावता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. घास गिळून झाल्यावर म्हणाली, "मीठ कमी आहे." मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. मिठाचा डबा समोरच होता, तो मला दिसत नव्हता.

तिला बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. रोग आपल्या वाटेने चालला होता. पण त्यानंतर दिवसातून एकदा, कधी दोनदा, ती जेवायची. झोपायची. मधेच काहीतरी भलतंच आठवून हसायची. कधी तिला भीती वाटायची, भिंती जवळ आल्यासारख्या, मग मी हात धरून बसायचो. तेही होतं. जे मिळालं ते थोडं होतं, आणि फुकट मिळालं नाही.

मी तिला समजावायचो, "औषध म्हनून घेतलं तर शील मोडत नाई. हेतू पाहाव लागते." विहारात येणाऱ्या भन्तेजींनीही एकदा असंच काही सांगितल्याचं मला आठवत होतं. ती ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "मले बरं वाटावं म्हनून सांगून राहिले तुमी. कारन होतं हे खरं. पन डोकं जड झालं, जीभ जड झाली, हेही खरं. मोडलं तर मोडलं म्हनाव मानसानं. मोडलं नाई म्हनाव अन् वरून खाव, असं नाई होत माह्याच्यानं."

रविवारी विहारातल्या बाया आमच्याच घरी येऊ लागल्या होत्या, कारण तिला जाता येत नव्हतं. खाटेभोवती सतरंजी टाकून बसायच्या. त्या रविवारी कमलाबाईंनी वंदना सुरू केली. त्रिशरण झालं. मग एकेक शील. सगळ्या एका सुरात. प्रभाचा आवाज बारीक, पण मला त्यातून वेगळा ऐकू येत होता. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. पाचव्याला तो आवाज नव्हता. बाकीच्या म्हणून संपल्या तेव्हा सगळ्यांना कळलं होतं. 

कमलाबाई म्हणाल्या, "प्रभा, दम लागला का?"

"नाई," प्रभा म्हणाली. "म्हनता नाई येत मले ते. मी गांजाचं पान खाऊन राहिली, बाई. घरी लावलं आहे. मागं."

कमलाबाई उठल्या. मागच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. उन्हात ते झाड उभं होतं, तुऱ्यांनी लदलेलं, वास पसरत. त्यांनी पदर नाकाला लावला. त्या वासाला त्या ओळखत होत्या. त्यांच्या पोराच्या शर्टाला तोच यायचा. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मग वळल्या, चप्पल घातली, आणि प्रभाकडे न बघता निघून गेल्या. बाकीच्या बायाही एकेक करून उठल्या. जाताना प्रभाच्या पायाला, हाताला हात लावून गेल्या, पण गेल्या.

प्रभा त्या दिवशी जेवली नाही. मी आणलेली वाटी परत केली. म्हणाली, "तिचं बरोबर आहे." दुसऱ्या दिवशीही नको म्हणाली. तिसऱ्याही. पोट पुन्हा वर यायला लागलं. मी विनवण्या केल्या, रागावलो, मुलीकडून फोन करवला. जिने मला पागल म्हटलं होतं तीच रडत सांगत होती, "मम्मी, ले लो ना प्लीज." प्रभा ऐकायची आणि फोन परत द्यायची.

प्रभा त्या थंडीत गेली. नंतर मी झाड काढून टाकलं. बी ठेवलं नाही. साहूजींनी पत्रे पुष्कळ दिवस तसेच ठेवले, मग कधीतरी गोठ्यावर नेले. सेक्टरमधल्या लोकांना किती कळलं, किती नाही, मी शोध घेतला नाही. कुणी कधी काही बोललं नाही. कधी कधी वाटतं, मी तिला घास मिळवून दिला आणि तिची जन्माची सोबतीण तिच्यापासून तोडली, हे बरं केलं की वाईट? हा हिशेब मला सुटत नाही. फक्त एका दुपारपुरता तो सुटला होता. तेवढं सांगतो.

रविवारच्या त्या प्रसंगाला आठवडा होत आला असेल. जेवणवेळ टळून गेली होती. मी प्रभाच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होतो. पुढच्या दाराची कडी वाजली. कमलाबाई होत्या. पांढरं लुगडं नेसलेल्या, विहारात जाताना नेसतात तसं. माझ्याकडे न बघता आत आल्या आणि खाटेशेजारी खाली बसल्या. प्रभाने डोळे उघडले.

 मग कमलाबाई म्हणाल्या, "जेवली का?"

प्रभाने नाही म्हणून मान हलवली.

"कावून नाई जेवली?"

प्रभाने तोंड भिंतीकडे केलं.

"माह्यावर राग धरून राहिली?"

"नाई," प्रभा म्हणाली. "माह्यावर."

कमलाबाईंनी मांडी नीट केली. "शील मोडलं तर परत मागता येते, हे तुले मालूम आहे नं? तूच सांगत होती बायाइले. माघारी आलेल्या पोराइले सांगत होती."

"मालूम आहे."

"मंग माग. मी देते."

प्रभाने हात जोडायचा प्रयत्न केला. एक हात उचलेना, तो मी उचलून दुसऱ्याला लावला. तिने शील मागितलं. कमलाबाई एकेक म्हणत गेल्या, सावकाश, शब्द तोडून तोडून, आणि प्रभा त्यांच्या मागून म्हणत गेली. पहिलं. दुसरं. तिसरं. चौथं. चौथं संपलं तशी प्रभा थांबली. पुढचं कमलाबाईंनी म्हणावं म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिचे ओठ तयार होते. मला कळलं, ती आता ते घेणार, आणि घेतलं की पुन्हा पान तोंडात घालणार नाही.

कमलाबाईंनी मान खाली घातली. शीलं देऊन संपली की म्हणतात तसं म्हणाल्या, "साधु, साधु, साधु."

"बाई," प्रभा म्हणाली, "पाचवं राहिलं."

"राहू दे. तुले चारच दिले मी." त्यांनी प्रभाचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले.  "पाचवं तुह्या वाटचं मी पाळीन."

मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, ते पानं कुठी ठेवता? आना. माह्या हातानं देते."